ताजी म्हणे

सुपरमार्केटात शिरलं की वहिनी आधी फरसबीकडे जायच्या. ढिगातली एक शेंग उचलायच्या, दोन्ही टोकं चिमटीत धरायच्या आणि वाकवायच्या. चांगली शेंग टचकन मोडते. आमच्या गावातली शेंग मोडायची नाही. ती नम्रपणे वाकायची आणि वाकलेलीच राहायची. मग वहिनी मान वर करून पाटी वाचायच्या. पाटीवर हिरव्या अक्षरांत ‘फ्रेश’ असं लिहिलेलं असायचं, शेजारी दात दाखवणारा एक शेतकरी. वहिनी म्हणायच्या, “ताजी म्हणे.”

एवढंच. पुण्याहून येताना मेलबर्नच्या विमानतळावर त्यांची लोणच्याची बरणी काढून घेतली होती. हा ‘म्हणे’ मात्र कुणाच्या मशीनमध्ये दिसला नाही. ‘लोकल’ अशी पाटी असली की लोकल म्हणे. एकेका काकडीला प्लास्टिकचा सदरा घालून झोपवलेल्या कोपऱ्यात गेलं की सेंद्रिय म्हणे. आवाज कधी चढायचा नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जी भांडत नाही, फक्त एक शब्द बोलते, आणि पुढचा अर्धा तास आपल्याला आपल्या हातातल्या पिशवीची लाज वाटत राहते.

त्यांचे यजमान आमच्या गावच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर होते आणि मी त्याच रस्त्यावर औषधांचं दुकान चालवत होतो. म्हणजे ते लिहायचे आणि मी वाचायचो. आम्ही मेलबर्नजवळच्या वेरिबीहून या गावात आलो, कारण कायमचा व्हिसा हवा असेल तर खेड्यात जा, असं सरकारने सुचवलं, आणि लगेच आम्हा नवराबायकोला निसर्गाची ओढ वाटू लागली. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं, “काका-काकू म्हणालास तर पेशंटना पलीकडच्या गावातून औषधं आणायला सांगीन.” म्हणून त्या वहिनी झाल्या. मला त्या ‘केमिस्ट’ म्हणायच्या. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते वापरण्याची त्यांना गरज वाटली नाही.

गाव मेलबर्नपासून गाडीने चार-साडेचार तासांवर. नदीकाठची सपाट जमीन, आणि जिकडे पाहाल तिकडे शेती. वेरिबीच्या मित्रांना वाटायचं, आम्ही रोज सकाळी अंगणातून दवात भिजलेली भाजी खुडून आणतो. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्याकडे गेलो की येताना डिकी भरून भाजी आणायचो. शेतांच्या मधोमध राहून भाजीसाठी शहरात जायचं, याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. वहिनींना वाटलं.

गावाबाहेरच्या रस्त्यालगत ग्रॅहमचं गाजराचं शेत होतं. नजर पोचेल तिथपर्यंत गाजरं. एक दिवस वहिनींनी डॉक्टरांना गाडी थांबवायला लावली आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या ग्रॅहमला विचारलं, “यातली मूठभर विकत मिळतील का?”

ग्रॅहम हा उंच, लाजाळू माणूस. बोलताना बुटांकडे बघायचा. तो म्हणाला, “विकत नाही देता येणार. सगळा माल करारावर मेलबर्नला जातो.”

“आणि आमच्या सुपरमार्केटात येतात ती गाजरं?”

“ती मेलबर्नहून येतात.”

“म्हणजे तुझीच?”

ग्रॅहमने बुटांकडे बघून बराच विचार केला. “असू शकतील,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन वहिनींनी मला हा हिशेब सांगितला. इथलं गाजर ट्रकमध्ये बसून मेलबर्नला जातं, तिथे आंघोळ करतं, पिशवीत बसतं, दोन-तीन दिवस थंड हवेत राहतं आणि परत आपल्या गावी येतं. “आपल्या पोरांसारखंच,” त्या म्हणाल्या. “फक्त गाजर परत तरी येतं.” त्यांचा मुलगा मेलबर्नच्या कडेला, क्रेगीबर्नला असायचा आणि फोन बहुधा रविवारी करायचा.

त्यातून शनिवारचं टेबल निघालं. कल्पना अशी की ज्याच्या परसात जे जास्तीचं पिकतं ते त्याने शनिवारी सकाळी गावच्या जुन्या हॉलच्या ओसरीत आणावं, आणि गावाने गावातलंच खावं. यात क्रांतिकारक काही नव्हतं, म्हणून कौन्सिलला ते कळायला वेळ लागला. त्यांनी धोक्याचा अंदाज मागितला. कोबीपासून नागरिकांना काय धोका संभवतो, असं विचारायला एक तरुण अधिकारी आला. वहिनी म्हणाल्या, “पायावर पडू शकतो.” त्याने ते लिहून घेतलं. परवानगी मिळाली.

नियम वहिनींनी केला, आणि एकच केला. आपल्या मातीत, आपल्या हाताने, औषध न मारता. कुणी विकतचा माल आणून ठेवला तर तो माणूस त्या हंगामापुरता टेबलाबाहेर. गंमत म्हणजे वहिनींच्या स्वतःच्या हाताला काही यायचं नाही. बँकेत अधिकारी होत्या, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खिडकीतल्या कुंडीपलीकडे त्यांनी शेती केली नव्हती. इथे कोथिंबीर लावली की ती पानांआधी फुलावर यायची. पालक सशांनी खाल्ला. वांग्याच्या झाडाला एक वांगं आलं, ते त्यांनी बिचाऱ्याला आणखी थोडं वाढू दे म्हणून ठेवलं, आणि ते दगड झालं. त्यामुळे पहिल्या शनिवारची कोथिंबिरीची जुडी सोडली तर त्यांच्यापुढे विकायला काही नसायचं. त्या फक्त टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या आणि शेंगा वाकवून बघायच्या. भाजी पिकवणाऱ्या माणसांना त्यांचा धाक का वाटावा हे मला कधी कळलं नाही, पण वाटायचा.

टेबलावर सगळ्यात आधी आली ती मॉरीन. ऐंशीच्या आसपासची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक भाचा मेलबर्नला. जत्रेतल्या भाजीच्या स्पर्धेत तिची बक्षिसं ठरलेली. हातातल्या काठीने ती लोकांच्या दुध्याभोपळ्यांना टोचून बघायची. पहिल्याच शनिवारी तिने वहिनींच्या फुलावर आलेल्या कोथिंबिरीकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही म्हातारी झालीय, लव्ह. माझ्याइतकी.”

वहिनींनी तिच्याकडे वळून पाहिलं. या देशात आल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. वहिनींनी तिला मेथीचं बी दिलं. मॉरीन त्याला ‘मेटी’ म्हणायची आणि तिच्याकडे ती गुडघाभर वाढायची, याबद्दल वहिनींनी तिला कधी क्षमा केली नाही.

मग जॅस्पर आणि विलो आले. हे जोडपं मेलबर्नहून साधं आयुष्य जगायला आलं होतं आणि त्यासाठी त्यांनी बराच खर्च केला होता. ते पौर्णिमा बघून पेरणी करायचे आणि गाईच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरायचे. हे शिकवायला त्यांनी हॉलमध्ये एक वर्कशॉपही घेतलं. वहिनी पूर्ण वेळ बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “माझ्या सासूबाई असलं काही करायच्या तेव्हा आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणायचो, केमिस्ट. आपलं चुकलं. तिकीट लावायला हवं होतं.”

जॅस्परच्या टोपलीवर हाताने रंगवलेल्या सुंदर पाट्या असायच्या. भाजी कमी, पाट्या जास्त. वसंतातल्या एका शनिवारी त्या टोपलीत अव्होकाडो दिसले. आमच्या गावात जुलैच्या हिवाळ्यात सकाळी नळ गोठतो, अव्होकाडोचं झाड जगत नाही. वहिनींनी एक अव्होकाडो उचलला, त्यावरून अंगठा फिरवला. स्टिकर काढल्यावर राहतो तो चिकटपणा अंगठ्याला लागला.

“कुठलं झाड?” त्यांनी विचारलं.

“एका मित्राचं आहे,” जॅस्पर म्हणाला. “मूल्यांच्या दृष्टीने तो लोकलच आहे.”

“मूल्यं पुढच्या हंगामात घेऊन या,” वहिनी म्हणाल्या. “आज टोपली उचला.”

विलो रडली. लोकांना जरा वाईट वाटलं, मलाही वाटलं. माझी बायको गौरी म्हणाली की वहिनी फार ताणतात. आमची इरा म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अव्होकाडोज.” पण नियम नियम होता, आणि जॅस्पर-विलोनी टोपली उचलली. नंतर मात्र ते दर शनिवारी गिऱ्हाईक म्हणून येत राहिले आणि दर वेळी वहिनींना मिठी मारत राहिले. ती मिठी वहिनी औषधासारखी घ्यायच्या.

उन्हाळा लागला. जानेवारीत पारा चाळिशीच्या वर गेला आणि तिथेच राहिला. उकाड्यात फरसबीची फुलं गळून जातात, शेंग धरत नाही. टेबल ओस पडायला लागलं. ज्यांच्या बागा होत्या ते रिकाम्या हातांनी यायचे आणि हवामानावर बोलायचे. फक्त मॉरीनच्या टोपलीत शेंगा होत्या. हिरव्यागार, सगळ्या एका लांबीच्या, एकीलाही देठ नाही.

वहिनी तिच्यासमोर आल्या तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्यांनी एक शेंग उचलली. दोन्ही टोकं धरली. शेंग वाकली.

मी वाट पाहत होतो. मॉरीन समोर बसली होती, टोपीखाली, ओठांना लिपस्टिक लावून. ती शनिवारी लिपस्टिक लावायची. काठी गुडघ्यांमध्ये धरलेली, आणि नजर वहिनींच्या बोटांवर.

वहिनींनी ती शेंग परत ठेवली नाही. पिशवीत टाकली. “छान आहेत, मॉरीन,” त्या म्हणाल्या. “मी सगळ्याच घेते.”

“सगळ्या?” मॉरीन म्हणाली. “बाकीच्यांना?”

“बाकीच्यांनी लवकर उठावं.”

गाडीपर्यंत मी पिशवी धरून चाललो होतो. मी काही बोललो नव्हतो, पण माझा चेहरा बोलला असावा.

“काय बघतोस?” वहिनी म्हणाल्या. “शेंगा ताज्या होत्या.”

“म्हणे?” मी म्हणालो.

“म्हणे नाही. होत्या.”

त्या आठवड्यात मॉरीनची औषधं पोचवायला मी तिच्या घरी गेलो. पुढच्या दारावर थाप मारली, उत्तर आलं नाही, म्हणून मागे गेलो. जत्रेत बक्षिसं मिळवणारी बाग मी पहिल्यांदाच पाहिली. वाफे भाजून निघाले होते. शेंगांचे वेल काठ्यांवर कागदासारखे वाळून चिकटले होते. पाण्याचा पाइप नळापाशी वेटोळं घालून पडला होता. मॉरीनचा खुबा आता तो उचलू देत नव्हता. आणि त्या सगळ्याच्या मध्ये, डोक्यावर डॉक्टरांची क्रिकेटची टोपी घालून, वहिनी गुडघ्यांवर बसून तण उपटत होत्या. मॉरीन सावलीत खुर्चीवर बसून काठीने दाखवत होती.

“ते तण नाही, लव्ह. ते बीट आहे.”

“मग तसं दिसायला काय हरकत आहे त्याला?” वहिनी म्हणाल्या. मला बघून त्या किंचित गोंधळल्या. “मी शिकायला येते हिच्याकडे,” त्या मराठीत म्हणाल्या. “माझ्या हाताला काही येत नाही ना.”

“फारच ढ विद्यार्थिनी आहे,” मॉरीन इंग्रजीत म्हणाली. तिला मराठी येत नव्हती, पण कशाबद्दल बोलणं चाललंय हे कळायला भाषा लागत नाही.

तर ती शाळा सुरू झाली. रोज सकाळी ऊन चढायच्या आत. दोघींपैकी कुणीही शेंगांचा विषय काढला नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. पण नव्याने लावलेलं बी वर यायला, त्याला फूल धरायला वेळ लागतो, आणि मॉरीनला शनिवार चुकवायचा नव्हता. आठवड्यातला तेवढाच एक दिवस, जेव्हा माणसं तिच्यासमोर रांग लावून तिच्याशी बोलायची. त्यामुळे ती दर शनिवारी टोपली घेऊन येत राहिली, आणि वहिनी दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन ती रिकामी करत राहिल्या. एवढ्या शेंगा वहिनी आणि डॉक्टरांना संपणं शक्य नव्हतं, म्हणून निम्म्या आमच्याकडे यायच्या. त्या दिवसांत आमच्या घरी फरसबीची भाजी, फरसबीचा पुलाव, फरसबीची कोशिंबीर आणि फरसबीबद्दलचं मौन असं सगळं झालं. डॉक्टर तर एकदा मला म्हणाले, “माझी बायको सेंद्रिय भाजीच्या चळवळीत आहे, म्हणून मी रोज शिळी भाजी खातो.”

मग एका शुक्रवारी क्रेगीबर्नला नातवाला ताप आला आणि वहिनी मुलाकडे गेल्या. शनिवारी पहाटे निघून त्या परत पोचल्या, तोवर टेबल उघडून बराच वेळ झाला होता. मॉरीनच्या टोपलीपुढे विलो उभी होती. वहिनींकडूनच शिकलेली गोष्ट तिने केली. एक शेंग घेतली, दोन्ही टोकं धरली आणि वाकवली.

जॅस्परने आवाज चढवला नाही. तशी माणसं आवाज चढवत नाहीत, त्यांना दुःख होतं. तो म्हणाला की त्याला फार दुःख झालंय. चाळीस डिग्रीत कुणाच्याच वेलाला शेंग नाही आणि एकाच टोपलीत दर आठवड्याला आहे, हे त्याच्या कधीचंच लक्षात आलं होतं. हा प्रश्न शेंगांचा नसून विश्वासाचा आहे, आणि यावर समुदायाने एकत्र बसून बोलायला हवं.

समुदाय मंगळवारी हॉलमध्ये एकत्र बसला. एरवी पाण्याच्या दरावर सभा बोलावली तर पाच माणसं येतात. फरसबीवर हॉल भरला. ग्रॅहम अध्यक्ष होता, कारण खुर्ची घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शनिवारी तो आपल्या घरामागच्या बागेतला कांदा आणायचा, गाजर आणायची त्याला परवानगी नव्हती. मॉरीन पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. त्या दिवशी तिने लिपस्टिक लावली नव्हती.

जॅस्पर बराच वेळ बोलला. पारदर्शकता आली, जखमा आल्या. त्यांना दोघांना अव्होकाडोवरून बाहेर काढलं, तेव्हा ते किती एकटे पडले होते हेही आलं. “नियम सगळ्यांना सारखा हवा,” तो शेवटी म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मॉरीनने पर्सची कडी उघडली, मिटली आणि काठी टेकून उठायला लागली.

त्याआधी वहिनी उभ्या राहिल्या.

“त्या शेंगा माझ्या होत्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या बागेत काही येत नाही हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. टेबल मी सुरू केलं आणि माझंच काही नसायचं. लाज वाटायची. म्हणून मी पलीकडच्या मोठ्या गावातल्या दुकानातून आणल्या आणि मॉरीनला सांगितलं, या माझ्या परसातल्या आहेत, तुझ्या टोपलीत ठेव. तिने विश्वास ठेवला.”

डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते. छतावरचा पंखा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखा निरखायला सुरुवात केली. मी तोंड उघडलं असावं, कारण वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते मिटलं.

“आणि मग तूच त्या विकत घ्यायचीस?” विलोने विचारलं. तिचा प्रश्न चांगला होता.

“टोपली भरलेलीच राहिली तर बरं दिसत नाही,” वहिनी म्हणाल्या.

मॉरीन अर्धवट उठलेली तशीच थांबली होती. वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “बस, मॉरीन. तुझा काही दोष नाही.” मॉरीन बसली.

ग्रॅहमने बुटांकडे बघून घसा साफ केला. “नियम तुझाच आहे,” तो म्हणाला. “या हंगामापुरती तू टेबलाबाहेर.” कुणाचा विरोध आहे का, असं त्याने विचारलं. कुणाचाच नव्हता. ज्या बाईने गावाला गावची भाजी खायला घातली, तिला गावाने एकमताने बाहेर काढलं, आणि मग सगळ्यांनी चहा घेतला. जॅस्परने वहिनींना मिठी मारली आणि आता सगळं भरून येईल असं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “नो वरीज.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात मला हे सगळं पुन्हा ऐकायला मिळालं. रक्तदाबाच्या गोळ्या घेता घेता लोक म्हणायचे, “ती बाई, एवढी कडक, आणि बघा.” बातमी वेरिबीच्या आमच्या मंडळींपर्यंत पोचली तेव्हा शेंगांचा ट्रक झाला होता. वहिनी दुकानात आल्या तेव्हा मी एवढंच म्हणालो की हे जरा जास्त झालं.

“आख्खी नोकरी बँकेत केली,” त्या म्हणाल्या. “कुणी बोट दाखवलं नाही. इथे येऊन फरसबीत अडकले.” त्यांनी काउंटरवरची खोकल्याची गोळी उचलून बघितली आणि परत ठेवली. “तिच्याकडे काय उरलं होतं रे, केमिस्ट? एक शनिवार. माझ्याकडे निदान हे तरी आहेत.” ‘हे’ म्हणजे डॉक्टर. तीन दशकांच्या संसारात त्यांनी केलेलं हे सर्वांत उघड कौतुक असावं, आणि डॉक्टर ते ऐकायला नव्हते.

मॉरीन त्यानंतर काही दिवसांनी आली. औषधं घेतली, आणि गेली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

“फार वाईट खोटं बोलते ती, नाही?” ती म्हणाली.

मी म्हणालो, “कोण?”

“तूही फार चांगलं बोलत नाहीस.” ती हसली नाही. “मी तिला म्हटलं, मी जाऊन खरं काय ते सांगते. ती म्हणाली, सांगितलंस तर मी उद्यापासून तुझ्या बागेत पाऊल ठेवणार नाही. म्हणजे मला बाग तरी ठेवता येणार होती, नाहीतर खरेपणा तरी.”

“मग?”

“बाग ठेवली,” मॉरीन म्हणाली. “खरेपणा या वयात कुठे लावू?”

मार्चमध्ये हवा उतरली आणि वाफे हिरवे झाले. वहिनींच्या हाताने आणि मॉरीनच्या काठीने बीट आलं, मुळा आला, मेथी आली, आणि शेंगाही आल्या. वाकड्यातिकड्या, लांब-आखूड, देठासकट. शनिवारी वहिनी मॉरीनला गाडीतून आणायच्या, टोपली ओसरीच्या पायरीपर्यंत पोचवायच्या आणि मागे फिरायच्या. पायरीच्या वर त्यांना मनाई होती, आणि ती त्यांनी काटेकोर पाळली. त्या गाडीत खिडकी उघडून बसायच्या आणि ये-जा करणाऱ्यांच्या पिशव्यांवर मत द्यायच्या. गिऱ्हाईक म्हणून वर यायला त्यांना कुणी अडवलं नसतं. “शिक्षा म्हणजे शिक्षा,” त्या म्हणायच्या. “अर्धवट भोगली तर लोकांना तरी काय समाधान?”

पुढच्या वसंतात त्यांचा हंगाम संपला, तरी त्या टेबलावर परत गेल्या नाहीत. गाडीतच बऱ्या होत्या. मग हिवाळ्यात मॉरीन न्हाणीघरात पडली, आणि तिला मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. घर भाच्याने विकलं. त्याच सुमारास डॉक्टर निवृत्त झाले आणि ते दोघं क्रेगीबर्नला मुलाजवळ राहायला गेले. निरोपाला जॅस्परने क्षमेवर छोटं भाषण केलं. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटतं, तोवर त्यांना त्याची सवय झाली होती.

मॉरीन गेली ती त्यानंतरच्या शरद ऋतूत. अंत्यविधी आमच्या गावच्या चर्चमध्ये होता. वहिनी आणि डॉक्टर क्रेगीबर्नहून आले. वहिनींनी साधी राखाडी साडी नेसली होती आणि त्या मागच्या बाकावर बसल्या. त्या थोड्या वाळल्यासारख्या दिसल्या. शहरात जीव रमत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “रमतो की. सगळं मिळतं. म्हणूनच बाहेर पडायला कारण नाही.”

प्रार्थनेनंतर मागच्या खोलीत चहा आणि सँडविच होतं. आम्ही कपबश्या घेऊन उभे होतो तेव्हा ग्रॅहम आला. सूटमध्ये तो आणखी लाजाळू दिसत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो बुटांकडे बघत वहिनींना म्हणाला, “आम्हाला माहीत होतं, बरं का. त्या सभेत.”

“काय माहीत होतं?”

“माझी बायकोच मॉरीनला मोठ्या गावात खरेदीला घेऊन जायची. शेंगांची पिशवी गाडीपर्यंत कुणी आणली असेल असं तुला वाटतं?” तो थांबला. “हॉलमधल्या बहुतेकांना माहीत होतं. जॅस्पर सोडून.”

दोनेक वर्षं मी एक मोठं गुपित सांभाळतोय अशा थाटात गोळ्या मोजत होतो. मी चहाचा एक घोट घेतला. तो गार झाला होता.

वहिनींनी कप बशीत ठेवला. “मग मला बाहेर का काढलंत?”

“तुला तसंच हवं होतं ना,” ग्रॅहम म्हणाला. “तू मागितलेली एवढी एकच गोष्ट. नाही कसं म्हणायचं?”

वहिनींनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. ग्रॅहमने टेबलावरची सँडविचची ताटली उचलून त्यांच्यापुढे धरली, आणि त्यांनी एक घेतलं.

अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून ते लगेच निघाले. डॉक्टर गाडी चालवत होते, वहिनी शेजारी बसल्या होत्या, ते सँडविच अजून कागदी रुमालात धरलेलं. चर्चच्या फाटकातून गाडी मुख्य रस्त्याला लागली. वळताना लावलेला डावा इंडिकेटर डॉक्टर बंद करायला विसरले. तो सरळ रस्त्यावर, दिसेनासा होईपर्यंत, तसाच लुकलुकत राहिला. एरवी वहिनींनी लगेच सांगितलं असतं.